प्रस्तावना : खलीफाच्या बागेतली माती

पेंड्रा इथून निघणाऱ्या ‘छत्तीसगढ़ मित्र’ या मासिकात एप्रिल १९०१ मध्ये माधवराव सप्रे यांची एक लहानशी गोष्ट छापून आली : ‘एक टोकरी भर मिट्टी’. जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं आहे आणि मध्ये एका विधवेची झोपडी येते. ती हटत नाही. जमीनदार वकिलांना पैसे चारतो, कोर्टाकडून ताबा मिळवतो, म्हातारी शेजारीपाजारी जाऊन राहते. एक दिवस ती टोपली घेऊन परत येते. नात अन्नाला शिवत नाही, आपल्या घरी नेलंस तरच जेवीन म्हणून बसली आहे; इथली टोपलीभर माती नेऊन चूल घालते, मग तरी पोर भाकरी खाईल. जमीनदार हो म्हणतो. माती भरून झाल्यावर म्हातारी त्याला टोपलीला जरा हात लावायला सांगते. टोपली त्याच्याने उचलवत नाही. एका टोपलीचं ओझं पेलवत नाही, मग इथल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा सोसाल, असं ती विचारते आणि जमीनदाराचे डोळे उघडतात.

हिंदीतली पहिली आधुनिक लघुकथा म्हणून अनेक अभ्यासक या गोष्टीचं नाव घेतात. लिहिणारा मराठी घरातला, जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, आयुष्य बरंचसं बिलासपूर-रायपूरकडे गेलेलं; ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे ते हेच. गोष्ट इथल्या मातीतली वाटते. पण दहाव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या गादीवर असलेल्या दुसऱ्या हकम या खलीफाविषयी सांगितली जाणारी एक कथा तिच्या शेजारी ठेवून पाहावी. खलीफाला बाग वाढवायची आहे, एक विधवा जमीन द्यायला तयार नाही, अधिकारी ती बळकावतात. विधवा काझीकडे जाते. काझी गाढव आणि रिकामं पोतं घेऊन बागेत येतो, पोतंभर माती न्यायची परवानगी मागतो, आणि पोतं गाढवावर चढवायला खलीफालाच हात लावायला सांगतो. पोतं जड आहे. काझी म्हणतो, ही तर त्या जमिनीतली थोडीशी माती. कयामतीच्या दिवशी सगळी जमीन खांद्यावर घेऊन उभं राहायचं आहे. खलीफा जमीन परत करतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ही कथा ‘पूर्वेकडची नीतिकथा’ म्हणून युरोपभर फिरली.

आणखी मागे गेलं तर दहाव्या शतकातला अरब इतिहासकार मसूदी भेटतो. त्याने लिहिलं आहे की रूमच्या, म्हणजे बायझंटाइन, बादशहाचा वकील इराणच्या अनूशिरवानचा राजवाडा पाहायला गेला तेव्हा त्याला समोरचं अंगण एका बाजूला वाकडं दिसलं. चौकशी केल्यावर कळलं, तिथे एका म्हातारीचं घर होतं, तिने विकायला नकार दिला, राजाने जबरदस्ती केली नाही. वकील म्हणाला, हा वाकडेपणा सरळपणाहून सुंदर आहे.

तिन्ही गोष्टींत तीच म्हातारी आहे, तोच वाडा, तीच वाढत जाणारी भिंत. सप्र्यांनी ती नेमकी कोणत्या पुस्तकातून उचलली याचा माग काढणं हा एक उद्योग आहे, आणि तो करणारे करोत. मला जास्त मोलाचं वाटतं ते बदललेलं. अनूशिरवानच्या कथेत राजा स्वतःच न्यायी आहे, म्हातारीला तोंड उघडावं लागत नाही. कॉर्दोबात राजा चुकतो आणि न्यायाधीश त्याला वळणावर आणतो; विधवेचं काम दाद मागण्यापुरतं. १९०१ च्या छत्तीसगढात कायदा जाणणारी माणसं जमीनदाराच्या खिशात आहेत, कोर्ट आधीच विकलं गेलं आहे, त्यामुळे काझीची जागा रिकामी पडते आणि त्या रिकाम्या जागेत म्हातारी स्वतः येऊन उभी राहते. पोतं जाऊन टोपली आली, गाढव जाऊन डोकं आलं, कयामतीऐवजी ‘जन्मभर’ आला आणि मातीला चुलीचं निमित्त मिळालं. इंग्रजी अमलातल्या न्यायाबद्दल सप्र्यांना काय वाटत होतं, हे त्यांच्या एखाद्या अग्रलेखाइतकंच या अदलाबदलीत वाचता येतं.

अरबी कथा आणि तिची नंतरची रूपं यांचा अभ्यास म्हणजे थोडक्यात हे : काय आलं याच्याइतकंच काय गळलं आणि त्या जागी कुणी येऊन बसलं, ते पाहणं.

नवख्या वाचकासाठी आता थोडा नकाशा. ‘अरबी कथा’ म्हटलं की ‘हजार रात्री आणि एक रात्र’ डोळ्यांपुढे येतं. ते एका लेखकाचं, एका काळाचं किंवा एका देशाचं पुस्तक नव्हे. त्याचा सर्वांत जुना हाती लागलेला पुरावा म्हणजे नवव्या शतकातला एक फाटका कागद. नाबिया अॅबट यांनी तो १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. दहाव्या शतकात बगदादचा ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम सांगतो की याचं मूळ ‘हजार अफसान’ या फार्सी पुस्तकात आहे, आणि वर शेराही मारतो की पुस्तक सुमार आहे. जाणकारांनी नाक मुरडायचं आणि लोकांनी ऐकत राहायचं, ही या पुस्तकाची परंपरा तिथूनच सुरू होते. पुढे इराकमधल्या खलीफा हारून अल-रशीदच्या गोष्टी, कैरोच्या बाजारातल्या चोरांच्या आणि बायकांच्या गोष्टी अशी भर पडत गेली. आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भरीव हस्तलिखित सीरियातलं, तीन खंडांचं. त्यात तीनशेही रात्री भरत नाहीत.

तेच हस्तलिखित आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताच्या हाती आलं आणि १७०४ ते १७१७ या काळात बारा खंडांत त्याचं फ्रेंच रूप निघालं. सिंदबादच्या सफरी स्वतंत्र पुस्तकात होत्या, त्या गालाँने आत घेतल्या. तरी खंड भरेनात. १७०९ मध्ये पॅरिसमध्ये त्याला अलेप्पोचा हन्ना दियाब हा तरुण मॅरोनाइट ख्रिस्ती भेटला आणि त्याने डझनाहून अधिक गोष्टी सांगितल्या. अलादिन आणि अलीबाबा या त्यांतल्याच. म्हणजे जगाला सर्वांत जास्त ठाऊक असलेल्या दोन ‘अरबी’ कथा कोणत्याही जुन्या अरबी हस्तलिखितात नव्हत्या. त्या एका सीरियन माणसाच्या तोंडून थेट फ्रेंच कागदावर उतरल्या. गंमत अशी की पुढे अलादिनची ‘मूळ’ अरबी हस्तलिखितंही उगवली. ती गालाँच्या फ्रेंचवरून उलटी अरबीत केलेली होती. मूळ सापडत नाही म्हटल्यावर पुनर्कथनापासून मूळ तयार करायचं, इतकी माणसाला मुळाची ओढ असते.

अरबी मजकूर छापून पहिल्यांदा निघाला तो कैरोत किंवा दमास्कसमध्ये नव्हे, कोलकात्यात. फोर्ट विल्यम कॉलेजमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांना अरबी शिकवण्यासाठी शेख अहमद शिरवानी यांनी दोनशे रात्री १८१४ ते १८१८ या काळात दोन भागांत छापल्या. कैरोजवळच्या बुलाक छापखान्याची प्रसिद्ध आवृत्ती १८३५ ची. त्यानंतर १८३९ ते १८४२ मध्ये पुन्हा कोलकात्यातून चार खंड निघाले. या दुसऱ्या कोलकाता आवृत्तीवरून रिचर्ड बर्टनने १८८५ मध्ये आपलं गाजलेलं इंग्रजी भाषांतर केलं, आणि इंग्लंडमधल्या अश्लीलतेच्या कायद्याला बगल देण्यासाठी त्यावर प्रकाशनस्थळ म्हणून ‘बनारस’ असं छापलं. बर्टन मुंबई फौजेत होता, तिथे त्याने मराठीही शिकून घेतली होती. त्याआधी, १८७० मध्ये, त्याने वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या आणि अरबी रात्रींचं बीज या वेताळाच्या गोष्टींत आहे असं बजावून सांगितलं.

हा दावा अतिरेकी होता, पण पोकळ नव्हता. कथेत कथा, तिच्या पोटात आणखी कथा ही बांधणी आपल्याला ‘पंचतंत्र’, ‘कथासरित्सागर’, ‘वेताळपंचविशी’ यांतून ओळखीची आहे. जीव वाचवण्यासाठी रोज रात्री राजाला गोष्ट सांगणाऱ्या शहरजादच्या चौकटकथेत एक इफ्रित, म्हणजे राक्षसी जिन, आपल्या बायकोला पेटीत कोंडून समुद्रकाठी आणतो आणि तरीही ती त्याला फसवते. हाच प्रसंग पाली जातकांतल्या समुग्ग जातकात आहे. ‘पंचतंत्र’ सहाव्या शतकात पहलवीत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत नेलं, तिथून ते फार्सीत शिरलं आणि अकबराच्या दरबारात अबुल फज़लच्या हातून पुन्हा भारतात घरी आलं. त्यातले कोल्हे करटक-दमनक तेव्हा परक्या पोशाखात होते, एवढंच.

आमच्या किनाऱ्याचा धागा याहून जवळचा. वर ज्या मसूदीची गोष्ट आली, तो ९१६ साली कोकणात चौलला येऊन गेला होता. अरब त्या गावाला सैमूर म्हणत. तिथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहतात, अशी नोंद त्याने केली आहे. आणि ‘हजार अफसान’च्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक ज्याच्या ग्रंथात येतो, तोही हाच मसूदी. त्याच शतकातल्या ‘अजाइब अल-हिंद’ या खलाशांच्या गोष्टींच्या पुस्तकात सैमूर आणि ठाण्याची नावं सहज येतात. सिंदबाद याच खलाशांच्या गप्पांतून घडला. रात्री वल्ही थांबली की चौलच्या धक्क्यावर कोणत्या गोष्टी कोणत्या भाषेत देवघेव झाल्या असतील, याची कल्पनाच करावी लागते. पण देवघेव झालीच नसेल हे मानायला जास्त कल्पनाशक्ती लागेल.

आता अभ्यासाच्या घराण्यांकडे. ती समजून घ्यायला मातीच्या पोत्याची तीच गोष्ट प्रत्येकापुढे ठेवून पाहणं मला सोपं वाटतं. थिओडोर बेनफाय याने १८५९ मध्ये ‘पंचतंत्रा’च्या जर्मन भाषांतरासोबत मांडलं की युरोपातल्या बहुतेक कथांचा उगम भारतात आहे; त्याच्या वाटेने जाणारा विचारील, पोतं आधी भारतातून निघालं की इराणातून? फिनलंडच्या घराण्यातला अभ्यासक आधी सगळी रूपं गोळा करील, त्यांना क्रमांक देईल, नकाशावर टाचण्या टोचील. आंती आर्ने याची १९१० ची सूची, स्टिथ थॉम्पसनने केलेला तिचा विस्तार, आणि २००४ ची हान्स-यॉर्ग उथर याची आवृत्ती ही त्या घराण्याची हत्यारं. तिथे अलादिन म्हणजे ५६१ आणि अलीबाबा म्हणजे ९५४. रशियाचा व्लादिमीर प्रॉप पात्रांची नावं खोडून त्यांची कामं तेवढी ठेवील : एकजण हिसकावतो, एकजण युक्ती करतो, एकजण शरण येतो. त्याच्या कोष्टकात काझी आणि म्हातारी एकाच रकान्यात बसतात, आणि माझं त्याच्याशी भांडण नेमकं इथे आहे. काम तेच असेल, पण ते काझीने करणं आणि जिचं घर गेलं तिने करणं यात अख्खा समाज बदलतो.

साठच्या दशकात फ्रान्समध्ये त्झ्वेतान तोदोरोव्ह याने ‘हजार रात्रीं’बद्दल एक नेमकी गोष्ट सांगितली : इथे नवं पात्र म्हणजे नवी कथा, आणि गोष्ट संपणं म्हणजे मरण. त्याच सुमारास ज्युलिया क्रिस्तेव्हाने आंतरसंहितात्मकतेची कल्पना मांडली, की कोणतीही संहिता आधीच्या संहितांनी विणलेली असते. मग उसनं आणि स्वतःचं ही विभागणीच ढिली पडते. १९७८ मध्ये एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ने चर्चेचा रोख फिरवला. कॉर्दोबाची गोष्ट युरोपच्या पुस्तकात का घेतली गेली? पूर्वेचे राजे लहरी असतात हे दाखवायला? की आपल्याच राजांना आडून टोला हाणायला? दोन्ही शक्य आहे, आणि बहुधा दोन्ही खरं आहे.

आपल्याकडे ए. के. रामानुजन यांनी रामायणांबद्दल जे म्हटलं ते या क्षेत्रालाही लागू पडतं. एक अस्सल आणि बाकी पाठभेद असं काही नसतं. असतात ती कथनं, आणि प्रत्येक कथन एका सामायिक साठ्यातून आपल्याला हवं ते उचलतं. मराठीत दुर्गा भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ मध्ये लिहून या अभ्यासाची भाषा घडवली. कल्पनाबंध, कथाप्रकार हे शब्द आज आपण ज्या सहजतेने वापरतो त्यामागे त्यांची मेहनत आहे.

मराठीतल्या अरबी कथांची हकीकत कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून सांगायची रीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या. काम पुत्र विष्णुशास्त्र्यांनी पुढे चालवलं. याच पितापुत्रांनी जॉन्सनच्या ‘रासेलस’चंही मराठी केलं. ‘रासेलस’ म्हणजे गालाँच्या लाटेवर इंग्लंडात लिहिल्या गेलेल्या पौर्वात्य कथांपैकी एक, तेव्हा त्या एका घरात पूर्वेची खरी गोष्ट आणि पूर्वेची नक्कल अशा दोन्ही इंग्रजीच्याच दारातून आल्या. वाचक मात्र तयार होता. बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ आणि १८३० मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘वेताळपंचविशी’ छापून झाली होती. घरोघरी आटपाट नगरांच्या कहाण्या होत्याच. हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ या आरंभीच्या कादंबऱ्यांतलं अद्भुत याच हवेवर वाढलं. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी कादंबरी-नाटकांवरच्या आपल्या निबंधात या अशक्य गोष्टींचा समाचार घेतला. अल-नदीमची आठवण येते.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत या कथा मराठीत मुख्यतः मुलांच्या होऊन राहिल्या. त्यांना तिथून बाहेर काढलं गौरी देशपांडे यांनी. १९७६-७७ मध्ये त्यांचं बर्टनवरून केलेलं मराठी भाषांतर सोळा खंडांत निघालं. बर्टनच्या मजकुरातली कामुकता, हिंसा, टवाळी काही गाळलेलं नाही. ‘समाजस्वास्थ्य’ चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांची ही पुतणी, आणि ‘युगान्त’मध्ये महाभारताकडे नव्या डोळ्यांनी पाहणाऱ्या इरावती कर्व्यांची मुलगी. आईने द्रौपदी आणि गांधारी पुन्हा वाचल्या, मुलीने शहरजाद. या दोन पुस्तकांना शेजारी ठेवून कुणी लिहिलं तर मराठी स्त्रीच्या गद्याबद्दल बरंच हाती लागेल. गौरीताईंच्या स्वतःच्या कथांतल्या बायका आपली हकीकत आपणच सांगतात, आणि सांगता सांगता वाट काढतात; सोळा खंडांच्या संगतीचा हा परिणाम असावा असं मला वाटतं.

अरबी जगात शहरजाद कधीच फक्त मुलांची नव्हती. तौफीक अल-हकीम यांचं ‘शहरजाद’ हे नाटक १९३४ चं. नजीब महफूज़ यांनी १९८२ मध्ये ‘हजार रात्रींच्या रात्री’ लिहिली ती शहरजादच्या गोष्टी जिथे संपतात तिथून पुढे, आणि जिन-इफ्रितांना पोलीसप्रमुख, व्यापारी, अत्याचार यांच्या गावात आणून सोडलं. इंग्रजीत गीता हरिहरन यांची ‘व्हेन ड्रीम्स ट्रॅव्हल’ १९९९ ची. तिथे दुनियाजाद, म्हणजे पलंगाशेजारी बसून ऐकणारी धाकटी बहीण, मध्यभागी येते.

भिलाईतल्या कुरुदमध्ये बसून हे सगळं लिहायचं कारण काय, असं कुणी विचारील. मराठी इथे रघुजी भोसल्यांच्या फौजेबरोबर अठराव्या शतकात आली आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याबरोबर पुन्हा आली. घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी अशा तीन भाषांत वाढलेली मुलं इथे सर्रास भेटतात. त्यांच्या आईवडिलांनी नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रामानंद सागरांची ‘अलिफ लैला’ पाहिली, त्यांच्या आजोबांनी होमी वाडियाचा ‘अलादिन’ आणि ‘हातिमताई’. आणि पुनर्कथन म्हणजे काय हे या भागाला शिकवावं लागत नाही. भिलाईजवळच्या गनियारीच्या पंडवानी गायिका तीजनबाई हातातल्या तंबुऱ्याची कधी गदा करत, कधी रथ. महाभारत तेच, आणि दर रात्री वेगळं. विजयदान देथांची चोराची राजस्थानी गोष्ट १९७४ मध्ये भिलाईतल्या कार्यशाळेत हबीब तनवीर यांनी ‘नाचा’ या इथल्या लोकनाट्याच्या कलावंतांबरोबर उकलली, तिला पंथी गीतांची जोड दिली आणि तिचं ‘चरनदास चोर’ झालं. आणि याच भिलाईतल्या ज्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन १९५९ मध्ये झालं, तो उभा राहायला गावांची जमीन गेली. त्यामुळे टोपलीभर मातीची गोष्ट इथे वाचताना जमीनदार आणि खलीफा या दोघांच्याही जागी तिसरंच कुणी उभं राहतं, आणि त्याच्याकडे हात लाव म्हणायला सोय नसते, कारण त्याला हातच नाहीत.

आज या विषयाला निकड आली आहे ती दोन बाजूंनी. एकीकडे १९९२ च्या डिस्नेपटाने अलादिनचं एकच रूप जगभर पक्कं केलं. चीनमध्ये घडणारी मूळ गोष्ट मुलांना सांगितली तर ती चुकीची वाटते. दुसरीकडे गोष्टींना पासपोर्ट मागण्याची वृत्ती वाढली आहे : ही आमची, ती त्यांची. हन्ना दियाबचं नाव गेल्या काही वर्षांत पुन्हा पुढे आलं, त्याची आत्मकथा व्हॅटिकनच्या ग्रंथालयातून बाहेर पडली, २०२१ च्या यास्मिन सील यांच्या इंग्रजी भाषांतरात त्याच्या गोष्टींना मान मिळाला. सांगणाऱ्याला श्रेय देणं म्हणजे गोष्ट कुलुपात ठेवणं नव्हे, हे त्या उदाहरणातून शिकण्यासारखं आहे.

या पुस्तकात अरबी कथा आणि तिची नंतरची एक किंवा अनेक रूपं शेजारी शेजारी छापली आहेत. डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर प्रत, अशी मांडणी मुद्दाम टाळली. कुठे नंतरचं रूप आधी येतं, कारण मराठी वाचकाला तेच आधी भेटलेलं असतं. दियाबच्या गोष्टी दियाबच्या नावाने वेगळ्या दिल्या आहेत. बर्टनच्या तळटिपांतला अरब, आफ्रिकी आणि स्त्रियांबद्दलचा खवचटपणा भाषांतरात उतरवलेला नाही. जिथे तो कथेच्या अर्थात शिरला आहे तिथे तेवढी टीप आहे. तोंडी मिळालेल्या गोष्टी मिळाल्या तशा, बोलीसकट ठेवल्या आहेत. छत्तीसगढी संवादांचं मराठी केलं नाही, कारण वाचकाला ते कळतात. नाही कळले तर एकदा मोठ्याने वाचावेत.

प्रत्येक जोडीनंतरचं टिपण वाचकाने आधी वाचू नये अशी विनंती आहे. त्यात काय बदललं याची चर्चा आहे, आणि बदल स्वतः सापडण्यातली मजा टिपण वाचल्यावर उरत नाही. हातिमताई आणि अमीर हमज़ा मात्र जाणूनबुजून बाहेर ठेवले. फार्सी-उर्दू दास्तानांचं ते वेगळं आणि अवाढव्य घराणं आहे. त्यांना इथे दोन-चार पानांत बसवणं त्यांच्यावर अन्याय झाला असता.

कुरुद, भिलाई